धंदा वाढतो तो सवयींनी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'यशस्वी उद्योजकांची मनोवृत्ती आणि त्यांच्या सवयी' हा विषय संस्थेने मला दिला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. महिन्याच्या पगारावर घर चालविणारा माणूस. उद्योजकांविषयी बोलण्याचा मला अधिकार काय? परंतु आपले सचिव साहेब म्हणाले, "सर, तुम्ही दुकान काढले होते ना? मग बोला." दुकान काढले होते हे खरे. पण ते बुडाले हेही सर्व गावाला ठाऊक आहे. तेव्हा आज आपल्यापुढे यशस्वी माणूस उभा नाही, एक बुडालेला दुकानदार उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नदीत जो पडलेला असतो त्याला खोल पाणी कोठे आहे ते सांगता येते. तेवढ्या नात्याने माझे बोलणे ऐकून घ्यावे.

गेल्या महिन्यात मी दहावीच्या वर्गात मुलांना विचारले, पुढे काय करणार? कोणी म्हणाले, आय.टी.आय. करून मामांकडे दुबईला जाणार. कोणी नर्सिंगचे नाव घेतले, कोणी इंजिनियरिंगचे. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मला आत्ताच शाळा सोडून अब्बांच्या दुकानात बसायचे आहे. धंद्याला शिक्षण कशाला लागते?" सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण काही वर्षांपूर्वी मी याच्या अगदी उलट बोललो होतो. मी म्हणालो होतो, "मी बी.ए. बी.एड. आहे. मला दुकान चालविणे काय कठीण?" आपण दोघेही एकच चूक करीत होतो, हे आज मला कळते. धंद्यात शिकण्यासारखे काही असते, हेच आम्हा दोघांना मान्य नव्हते.

त्या मुलाचे वडील आज या सभेत बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी ही गोष्ट सांगत आहे. माझे आजचे बोलणे त्या मुलासाठी आहे असे समजा. इतरांनी त्यातून आपापल्या उपयोगाचे घ्यावे.

प्रथम माझी कथा थोडक्यात सांगतो. २०१२ साली राज्यात शिक्षक भरती बंद झाली. हातात पदवी होती आणि नोकरी नव्हती. माझे चाचा कुवेतमध्ये बावीस वर्षे ड्रायव्हर होते. ते नुकतेच कायमचे घरी आले होते. त्यांनी आपल्या शिलकीतले तीन लाख रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "काहीतरी सुरू कर." मी एस.टी. स्टँडजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान काढले. काचेची कपाटे केली, मोठी पाटी रंगवून घेतली, उद्घाटनाला चारशे माणसांना शरबत पाजले. दोन वर्षांनी दुकानाला कुलूप लागले.

कुलूप लावले त्या रात्री चाचा घरी आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, "बेटा, वही दाखव. पैसे कोठे गेले ते तरी पाहू." आणि दाखवायला माझ्याजवळ वही नव्हती. एक डायरी होती, तिची पहिली अकरा पाने लिहिलेली होती आणि बाकी कोरी. त्या रात्री मला जी लाज वाटली तशी परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यालाही वाटत नसेल. बावीस वर्षे उन्हात गाडी चालवून साठविलेला पैसा गेला होता, आणि तो कसा गेला हेसुद्धा मला सांगता येत नव्हते. चाचा आज हयात आहेत. आजतागायत त्यांनी त्या पैशाचा पुन्हा उच्चार केलेला नाही. म्हणून तर तो मला रोज आठवतो.

त्यानंतर मी उद्योजकांची चरित्रे आणि माहिती वाचू लागलो. हे लोक काय वेगळे करतात, एवढेच मला पाहावयाचे होते. वाचता वाचता असे दिसले की, त्यांची बुद्धी आपल्या आवाक्याबाहेरची असेल, परंतु त्यांच्या सवयी तशा नाहीत. त्यांपैकी चार-पाच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली सवय : शिकण्याची लाज न बाळगणे

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर हे गाव आपण साने गुरुजींमुळे ओळखतो. तेथील प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते. त्याच अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे नाव. तूप आणि कपड्यांचा साबण एवढाच तिचा व्याप. १९६६ साली हाशम प्रेमजी अचानक वारले. त्यांचा मुलगा अझीम त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनियरिंग शिकत होता. वय वर्षे एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि कंपनीच्या कारभारात बसला.

पुढे भागधारकांच्या सभेत एक भागधारक उभा राहिला आणि सर्वांसमक्ष म्हणाला की, या पोराने आपले भाग विकून टाकावेत आणि कंपनी अनुभवी माणसांच्या हाती द्यावी. विचार करा, आपल्या मुलाला भर सभेत कोणी असे बोलले असते तर आपण काय केले असते? एकतर भांडलो असतो, नाहीतर खरेच विकून मोकळे झालो असतो. अझीम प्रेमजींनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी तो शब्द मनात ठेवला आणि काम शिकायला घेतले. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले नव्हते, म्हणून त्या विषयाची पुस्तके वाचली. तेल, तूप, खरेदी, विक्री, माणसे, हिशेब, जे येत नव्हते ते एकेक करून समजून घेतले. आणि अर्धवट राहिलेली पदवी? ती त्यांनी तीसहून अधिक वर्षांनी, विप्रोचे नाव जगभर झाल्यावर, स्टॅनफर्डकडून अभ्यासक्रम पुरा करून घेतली. त्या वेळी त्यांना कोणाकडे नोकरी मागायची नव्हती. सुरू केलेले काम पुरे करावयाचे, एवढाच त्याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, "सर, त्यांना बापाची कंपनी आयती मिळाली." हा आक्षेप मला मान्य आहे. वारसा मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मलाही चाचांचे तीन लाख आयतेच मिळाले होते. वारसा प्रारंभ करून देतो, पुढचे चालणे ज्याचे त्याने करावयाचे असते. शिवाय ज्यांना काहीच वारसा नव्हता अशांची उदाहरणे पुढे येणारच आहेत.

दुसरी सवय : गिऱ्हाइकाचे ऐकणे आणि दम धरणे

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. परंतु ते मूळचे शिक्षक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले आणि चित्रकला सुटली. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. तेथे आपली बढती डावलून दुसऱ्याला दिली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! माझ्या दुकानात दोन दिवस गिऱ्हाईक आले नाही की मी शटर ओढून मित्रांकडे चहाला जात असे. किर्लोस्करांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी मालही बदलून टाकला नाही. शेतकऱ्याला पटेपर्यंत ते थांबले आणि नांगर सुधारीत राहिले. पुढे बेळगाव नगरपालिकेच्या वाढीसाठी त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली. निवडुंगाने भरलेला तो ओसाड माळ. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

रंग ओळखता येत नाहीत म्हणून एक दार बंद झाले, बढती नाकारली म्हणून दुसरे बंद झाले, पालिकेने उठविले म्हणून तिसरे. प्रत्येक वेळी या गृहस्थाने 'माझ्यावर अन्याय झाला' एवढ्यावर गोष्ट संपविली नाही. अन्याय झाला नव्हता असे मी म्हणत नाही. आपल्या समाजातील मुलांनाही अनेक ठिकाणी दारे बंद मिळतात, हे मी शिक्षक म्हणून पाहतो आणि त्याविषयी बोललेच पाहिजे. पण बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हातात कोणते काम घ्यायचे, हे ज्याला ठरविता येते तो पुढे जातो.

तिसरी सवय : रोजचा हिशेब

ही गोष्ट विशेषतः माता-भगिनींसाठी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट या त्यांच्यापैकी एक. भांडवल ऐंशी रुपये, आणि तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. हेच पुढे नावारूपाला आलेले लिज्जत पापड. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली, तेव्हा साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि त्या सात जणींच्या कामात हजारो भगिनी सामील झालेल्या होत्या.

या सात जणींनी सुरुवातीलाच ठरविले की, तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही. छगनलाल पारेख हे त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पापडाचा दर्जा कधीही घसरू द्यायचा नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. हे दानधर्माचे काम नाही, हा धंदा आहे, हे त्यांनी त्या बायकांच्या मनावर बिंबविले. ज्या घरात भाकरीच्या पिठाचा अंदाज चुकत नाही, त्या घरातील बाई हिशेबात चुकणार नाही, हे आम्हा पुरुषांच्या लक्षात यायला फार वेळ लागतो.

येथे मला आमच्या एस.टी. स्टँडजवळची खाला आठवते. चौथीपर्यंत शिकलेली, विधवा बाई. माझ्या दुकानासमोर तिची एक खिडकी होती. पेन्सिली, खोडरबर, गोळ्या-बिस्किटे, एवढाच माल. शाळेची पहिली घंटा सात वाजता. खालाची खिडकी साडेसहाला उघडी. माझे दुकान नऊ वाजता उघडे, म्हणजे मुले शाळेत जाऊन बसल्यावर! संध्याकाळी खिडकी बंद करण्यापूर्वी ती एका वहीत आकडे लिहीत असे. आलेले किती, गेलेले किती, उधारी कोणाकडे. मुलगा गल्ल्यातून दोन रुपये घेई, तेही ती लिहून ठेवी. आणि मी? घरी भाजी न्यायची झाली तर गल्ल्यातून, मित्राला चहा पाजायचा तर गल्ल्यातून, मोटारसायकलीत पेट्रोल भरायचे तर तेही गल्ल्यातून. गल्ल्यात आलेला प्रत्येक रुपया मला माझी कमाई वाटे. त्यातले ऐंशी पैसे मालाचे आहेत आणि ते उद्या व्यापाऱ्याला द्यावयाचे आहेत, हे कोणी मला शिकविले नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते.

माझे दुकान बंद झाले तेव्हा शिल्लक माल खालानेच विकत घेतला. रोख पैसे मोजून दिले, आणि प्रत्येक वस्तूची किंमत आपल्या वहीत लिहून घेतली. माझ्या बी.एड.च्या सर्व पुस्तकांपेक्षा त्या वहीने मला अधिक शिकविले.

चौथी सवय : साधेपणा आणि काटकसर

अझीम प्रेमजींच्या काटकसरीच्या गोष्टी अनेकांनी लिहिलेल्या आहेत. देशातील सर्वांत श्रीमंतांत गणना होत असतानाही ते विमानात साध्या वर्गाने प्रवास करीत आणि कचेरीतील दिवे विनाकारण जळत राहू नयेत म्हणून लक्ष ठेवीत. काहींना हा कंजूषपणा वाटतो. पण कंजूष माणूस पैसा साठवून ठेवतो. प्रेमजींनी काय केले ते पाहा. २००० सालच्या सुमारास त्यांनी सरकारी शाळांतील शिक्षण सुधारण्यासाठी प्रतिष्ठान काढले, २०१० साली बंगलोरमध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले, आणि २०१९ सालापर्यंत त्यांनी विप्रोतील आपल्या मालकीचा फार मोठा हिस्सा या कामासाठी देऊन टाकला. त्याची किंमत त्या वेळी सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये सांगितली गेली. दिवा विझविणारा हात आणि एवढे दान देणारा हात एकच आहे. स्वतःवरचा खर्च आवरल्याशिवाय दुसऱ्यासाठी हात मोकळा होत नाही.

आपल्याकडे काय चालते ते आपणच पाहावे. चाळीस हजारांचे भांडवल लागणाऱ्या धंद्यासाठी पैसे नसतात, पण लग्नात चार लाखांचा मंडप उभा राहतो. माझ्या दुकानाच्या उद्घाटनात जे शरबत वाटले गेले, त्या पैशात तीन महिन्यांचे दुकानभाडे निघाले असते. लोक शरबत पिऊन गेले. भाडे मलाच द्यावे लागले.

पाचवी सवय : आपल्यापेक्षा जाणत्यांना जवळ करणे आणि काळ ओळखणे

तूप आणि साबण करणारी कंपनी संगणकात कशी गेली? १९७८ साली आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतातून बाहेर पडली. संगणकाची गरज होती आणि देणारा गेला होता. प्रेमजींनी ही संधी हेरली. १९७७ सालीच कंपनीचे नाव बदलून विप्रो झाले होते. १९८० च्या सुमारास तिने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. प्रेमजींना स्वतःला संगणक बनविता येत होता काय? नाही. पण ज्यांना येत होता अशा तरुण अभियंत्यांना त्यांनी एकत्र केले आणि त्यांना काम करू दिले. आपल्याला जे येत नाही ते कबूल करणे, आणि ज्याला येते त्याच्या हाती काम सोपविणे, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. आपल्याकडे दुकानात बसलेला बाप पंचवीस वर्षांच्या मुलाच्या हाती गल्ल्याची किल्ली देत नाही, हे आपण रोज पाहतो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणक आले म्हणून त्यांनी साबण सोडला नाही. संतूर साबण हा त्यानंतरचा, १९८० च्या दशकातला. जुने चालू ठेवून नवे हाती घ्यावयाचे.

या सर्व विवेचनात नशिबाचा, काळाचा भाग नाही असे मी म्हणणार नाही. आय.बी.एम. गेली नसती तर विप्रोची वाट कदाचित वेगळी झाली असती. सचोटीने आणि कष्टाने धंदा करूनही बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. चांगल्या सवयी यशाची हमी देत नाहीत. पण संधी दारात येते तेव्हा ती कोणाला घेता येते, हे सवयींवर ठरते. आणि वाईट सवयी असल्या म्हणजे चालता धंदा बुडतो, याची हमी मात्र मी स्वतः देऊ शकतो!

सहावी गोष्ट : पैसा कशासाठी

हिला मी सवय न म्हणता दृष्टी म्हणेन. ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म १८९८ साली अलीगढला झाला. असहकाराच्या चळवळीच्या काळात ते तरुण होते आणि त्या वाऱ्याने भारलेले होते. पुढे ते जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. परदेशात चांगली नोकरी मिळाली असती. ते परत आले आणि १९३५ साली त्यांनी मुंबईत औषधांची कंपनी काढली, तीच सिप्ला. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली होती. परदेशी औषधांवर देशाने अवलंबून राहू नये, हा या धंद्यामागचा विचार होता.

त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद हेही केंब्रिजहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १९६० साली कंपनीत आले. एड्सच्या रोगाने आफ्रिकेत माणसे मरत होती. तीन औषधे एकत्र घ्यावी लागत आणि एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जाई. गरिबाने मरावे, दुसरा उपाय नाही, अशी स्थिती. २००१ साली सिप्लाने हीच औषधे परोपकारी वैद्यकीय संस्थांना वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली. साऱ्या जगात खळबळ उडाली. त्यानंतर या औषधांच्या किमती उतरू लागल्या आणि ज्यांनी आशा सोडली होती असे असंख्य लोक जगले.

हे कसे शक्य झाले? अंतःकरणात दया होती हे खरेच. पण दया तर आपणा सर्वांच्या मनात असते. त्या दयेच्या मागे रसायनशास्त्राचे पक्के ज्ञान होते, कारखाना होता, एका गोळीला किती खर्च येतो याचा नेमका हिशेब होता. १९७० च्या पेटंट कायद्याने दुसऱ्या पद्धतीने औषध बनविण्याची जी वाट भारतात मोकळी केली होती, तिचा अभ्यास होता. ज्ञान, हिशेब आणि दया एकत्र आली म्हणजे एवढे मोठे काम होते. यांतली एक वजा करा, बाकी दोन अपुरी पडतात.

शेवटच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तू विचारलेस, धंद्याला शिक्षण कशाला लागते? टक्केवारी आली नाही तर नफा कळत नाही. भाषा आली नाही तर बँकेचा अर्ज भरता येत नाही, आणि सही कशावर केली ते समजत नाही. इतिहास आला नाही तर काळ कसा बदलतो ते दिसत नाही. विज्ञान आले नाही तर हमीदांसारखे औषध बनत नाही. दुकानात बसणे यात कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो न शिकता बसण्यात. आणि हे मी ज्याला शिकून-सवरूनही बसता आले नाही असा माणूस सांगत आहे, म्हणून तू ते जरा जास्त मनावर घे.

त्या मुलाशी आणि त्याच्या वडिलांशी माझा एक करार झाला आहे, तो त्यांच्या संमतीने जाहीर करतो. मुलगा मार्चची परीक्षा देईल आणि पुढे बारावीपर्यंत शाळा सोडणार नाही. रोज संध्याकाळी एक तास तो दुकानात बसेल, पण गल्ल्यावर नव्हे, वहीवर. दिवसाची जमा, खर्च आणि उधारी तो लिहील. वडील त्याला एकही आकडा लपवून ठेवणार नाहीत. ही शेवटची अट वडिलांना जरा जड गेली, पण त्यांनी मान्य केली. दर शनिवारी तो वही मला आणून दाखवितो. पहिल्याच आठवड्यात त्याने वडिलांना विचारले, "अब्बा, या तीन माणसांची उधारी दोन वर्षांपूर्वीची आहे. आपण मागत का नाही?" वडील मला म्हणाले, "सर, एवढी वर्षे मी दुकान चालवतो, मला कोणी हे विचारले नव्हते."

पालकहो, आपणांस माझी एवढीच विनंती आहे. घरात धंदा असो, शेती असो, मच्छी असो, परदेशातून येणारा पगार असो, मुलांना त्याचा हिशेब दाखवा. आपण मुलांपासून पैसा लपवितो, आणि मग ती विसाव्या वर्षी उधळी झाली म्हणून कपाळावर हात मारून घेतो. मुलींनाही दाखवा, गिरगावच्या गच्चीवरील सात बायकांना विसरू नका. आणि आपले मूल एखाद्या धंद्यात पडून आपटले तर त्याला टोमणे मारू नका. माझ्या चाचांनी मला टोमणा मारला असता तर मी आज येथे उभा राहिलो नसतो. त्यांनी फक्त वही मागितली. तेवढे पुरेसे होते.

विद्यार्थी मित्रांनो, आजच एक साधी वही घ्या. शाळेच्या उरलेल्या पानांची शिवली तरी चालेल. खाऊचे आलेले पैसे, खर्चलेले पैसे, वाया घालविलेले तास, रोज रात्री दोन ओळी लिहा. एक महिना पुरा झाला की पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून वाचा. उद्योजक व्हाल की नाही ते मला ठाऊक नाही. पण कोणी 'वही दाखव' म्हटले तर तुमच्यावर मान खाली घालण्याची पाळी येणार नाही.

मीसुद्धा आता वही ठेवतो. माझ्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम चाचांच्या नावे बँकेत जाते. त्यांना ते ठाऊक नव्हते, आज या सभेत कळत आहे. तीन लाख पुरे व्हायला अजून चार वर्षे लागतील. हिशेब लिहिलेला आहे.